डाव्या हाताची

पाच्छा पेठेतल्या आमच्या बांधणीच्या खोलीत
एप्रिलमध्ये खळ दुपारपर्यंत आंबते.
मी थोडीथोडीच शिजवते, मोरचूद घालून.
पंखा बंद. पानं उडतात.

पोथी शिळाप्रेसची.
साल गेलंय, वरचं पान गेलंय,
छापखान्याचं नाव होतं तिथं
वाळवीची पंगत उठून गेलीय.
देवांच्या पानांवर हळदीची बोटं,
राक्षसिणींच्या पानांवर नखं.
दूध पाजायला आलेलीचे डोळे
कुणीतरी दाभणानं फोडलेत,
दाभण पलीकडं निघून
मागच्या पानावरच्या राजाच्या छातीत.
नाक कापलेलीचं नाक पुन्हा एकदा कापलंय,
ब्लेडनं, कडेकडेनं, मन लावून.

"भुतं तेवढी झाकता आली तर बघा,"
सातलिंगप्पा म्हेत्रे म्हणाले,
"कोरा कागद लावून. वडलांची पोथी,
टाकवत नाही. पण सून घरात ठेवू देईना."
चहा अर्धाच घेतला त्यांनी.

अप्पा सांगायचे: शिळेवर सगळं उलटं काढायचं.
उजवा हात डावीकडं, तेव्हा कुठं
कागदावर उजवा.
देवांच्या वेळी चित्रकार जागा होता,
आशीर्वादाचा हात चुकून चालत नाही.
या बायांपाशी येईतो दिवा लागला असेल,
किंवा मालकानं पानामागं दोन आणे कापले असतील.
त्यानं त्या सरळच काढल्या.
म्हणून छापल्या गेल्या सगळ्या डावखुऱ्या:
डाव्या हातात सुरी, डाव्या हातानं
केस मागं सारणारी,
डाव्या हातानं आभाळातून बोलावणारी.

मी डाव्या हातानं घास उचलला की
व्यंकव्वा आत्या उलथनं तापवायला ठेवायची.
पोळलं कधीच नाही.
तापवायची फक्त.
आता दाभण त्याच हातात असतं.
माझी शिवण दुसऱ्या बाजूनं उतरते,
गावातले दोनचार जाणकार
पुस्तक उघडून म्हणतात, ही त्या म्याकलबाईची.

अठ्ठ्याहत्तरावं पान उभं फाटलेलं.
त्यावर जरा.
चौकात टाकलेली बाळाची दोन शकलं,
एक डोळा इकडं, एक डोळा तिकडं,
आणि ती वाकलेली.
फाट नेमकी मधून गेलीय,
चित्रातलं दुखणं कागदाला लागावं तशी.

नीट बघितलं. लुगड्याला इरकली काठ.
मोकळ्या केसांत पांढरे ठिपके.
दगडाची रवाळ असेल. शाई कमी पडली असेल.
पण पहाटेच्या भोंग्यानंतर
गिरणीतून परतणाऱ्या बायकांच्या डोक्यात
असाच कापूस असायचा, अप्पांनी पाहिलेला.
चित्रकाराच्या दारावरून
एखादी जात असेल रोज.
तिला कधी कळलं नसेल.

गोष्टीत लिहिलंय, तिनं शकलं जोडली
ती न्यायला सोपं पडावं म्हणून.
दया वगैरे काही नाही.
दोन हातांत दोन ओझी कशाला,
एवढंच.
मग ते रडलं,
आणि तिच्यानं खाववलं नाही.

मीही मजुरीसाठीच जोडते.
पतंगाचा कागद बोटभर फाडला
(कापायचा नाही, फाडायचा, धागे सुटे राहतात),
खळ लावली, डोळ्याशेजारी डोळा आणला,
हाडाच्या पट्टीनं दाबत गेले
टाळूपासून नाळेपर्यंत.
पुढं तो मोठा होतो, राजा होतो,
आणि त्याच रेघेवर पुन्हा फाडला जातो.
बांधणाऱ्याला याचं नवल नाही.
पुस्तकही शिवणीशीच सुटतं.

फुटक्या डोळ्यांना मागून ठिगळ दिलं,
बुबुळं नाही काढली. ते माझं काम नव्हे.
आता ती आंधळी नाही, नुसती
कुठं बघत नाही.

झाकायला मापाचा कोरा कागद कापून ठेवला होता.
संध्याकाळी त्याच्यावरच हिशोब केला:
खळ, दोरा, कापड, पुठ्ठा, तीन दिवस.
खाली लिहिलं,
भुतं झाकली नाहीत.
त्याचे पैसे धरलेले नाहीत.